लेखकाचा चरितार्थ आणि लेखनाचे सातत्य

मराठी कादंबरीच्या अभ्यासात लेखकाच्या प्रतिभेची चिकित्सा विस्ताराने होते. त्याचा चरितार्थ मात्र परिचयाच्या एखाद्या ओळीत आटोपला जातो. या संदर्भात हरिभाऊ आपटे यांचे उदाहरण उद्बोधक ठरावे. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थापनाने त्यांना स्थैर्य दिले. १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकाने लेखनाला नियमितपणा दिला. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पाल्हाळ आणि अपुऱ्या राहिलेल्या काही कादंबऱ्या ही त्या नियमितपणाची किंमत असावी. तथापि केवळ स्फूर्तीवर विसंबून एवढी ग्रंथसंपदा निर्माण झाली नसती. लेखनाला जगवणाऱ्या या व्यवस्थेकडे पाठ फिरवणारी समीक्षा नवोदितांना स्फूर्तीची वाट पाहायला शिकवते, लिहीत राहायला नव्हे.