सोमवारी सकाळी शिकायचं काय?

सबमिशनच्या आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुणीतरी जर्नल उतरवून उतरवून वैतागलेलं असतं, चहा गार झालेला असतो, आणि मग येतं, "माझ्या पोरांना मी शाळेत घालणारच नाही. घरीच शिकवीन. फुल फ्रीडम!" टेबलवरचे सगळे माना डोलावतात. मीही डोलावलीय. खरं सांगायचं तर दोन-चार वेळा हे वाक्य माझंच होतं.

मग एमएसाठी मी संगमनेरहून पुण्यात आले, हॉस्टेलच्या यादीत नंबर लागला नाही आणि सिंहगड रोडला ताईकडे राहायला लागले. ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. तुमचं-माझं ते 'फुल फ्रीडम' रोज सकाळी साडेआठला डायनिंग टेबलवर कसं दिसतं, हे मी गेली दोन वर्षं बघतेय. म्हणून आज तुमच्याशी थोडं भांडायचंय.

सुरुवात अनेक घरांत झाली तशीच झाली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि थोरलीचा वर्ग मोबाइलच्या स्क्रीनवर आला. तोवर शाळा म्हणजे गेटपाशी सोडून यायची जागा. आता ताईला रोज ती ऐकू यायला लागली. चाळीस मुलांपैकी कुणाला म्यूट करायचं यात अर्धा तास जायचा आणि उरलेल्या वेळात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. वर्षभर तिने हे ऐकलं, मग दाखला काढून आणला. धाकट्याला शाळेत घातलंच नाही. दाखल्याची मूळ प्रत अजून कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे. ती फाइल पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

आता कॅन्टीनमधल्या आपल्या वाक्यात जे कधीच नसतं, त्याकडे येते. शाळा सोडली, छान. सोमवारी सकाळी शिकायचं काय?

ताईने आधी जे केलं ते बहुतेक नवे पालक करतात. अमेरिकेतला एक तयार अभ्यासक्रम विकत घेतला. छत्तीस आठवड्यांचा, रोजचं पान ठरलेलं. दिसायला सुंदर. गणितात पेनी, निकेल आणि डाइम मोजायचे, विज्ञानात बर्फाची निरीक्षणं लिहायची, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग. थोरलीने विचारलं होतं, "आई, आपल्याकडे बर्फ कधी पडतो?" दोन महिन्यांत तो गठ्ठा माळ्यावर गेला. पैसे गेले ते गेले. ताई म्हणते, तिने शाळेचं वेळापत्रक सोडलं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी वेळापत्रक आणून घरात बसवलं.

मग दुसरं टोक. काहीच ठरवायचं नाही, मूल विचारेल ते शिकायचं. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचं 'हाउ चिल्ड्रन फेल' हे 1964 चं पुस्तक या मंडळींत फार वाचलं जातं, ताईनेही वाचलं होतं. थोरलीने तीन महिने फक्त डायनोसॉर विचारले. ते छानच झालं, पण भागाकार तिने एकदाही विचारला नाही. कोण विचारेल?

आजचा जो अभ्यासक्रम आहे, तो असा ठेचा खात खात जमलेला आहे. गणिताला एनसीईआरटी, कारण पीडीएफ फुकट आणि उदाहरणं इथली. इतिहासाला बालभारती. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलंय. मी ते 'रिकाम्या जागा भरा'साठी वाचलं होतं. या दोघांनी तानाजी मालुसऱ्यांचा पाठ वाचला आणि त्याच रविवारी सिंहगडावर जाऊन "दोर नक्की कुठून लावला असेल?" यावर तासभर वाद घातला. 1670 हे साल त्यांना पाठ करावं लागलं नाही. हे बघून मला हेवा वाटला, हे लपवत नाही.

पुस्तकांचा मामला तर वेगळाच. महिन्यातून एकदा अप्पा बळवंत चौक, बजेट आठशे रुपये, त्यात दोघांचं भागवायचं. माधुरी पुरंदरेंचे 'वाचू आनंदे'चे भाग दोघांच्या हाताखालून गेलेत. फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणून धाकट्याला एकदा फुरसुंगी बघायची होती. पाहिली आणि हिरमुसला, कारण तिथे त्याला सगळीकडे ट्रॅफिकच दिसला. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत. म्हणजे साहित्य नाही ही तक्रार आता चालत नाही. अडतं ते दुसरीकडे. या ढिगातून आज काय काढायचं, हे रोज कुणीतरी ठरवावं लागतं. आणि ठरवणारीला चुकायची भीती असते.

धाकटा आठ वर्षांचा होईपर्यंत वाचत नव्हता. अक्षरं ओळखायचा, जोडाक्षर आलं की पुस्तक बंद. घरात आजी रोज सुनावायची, "शाळेत असता तर बाईंनी दोन महिन्यांत वाचायला लावलं असतं." ताई वरवर शांत. पण रात्री साडेबाराला मी असाइनमेंट करत बसलेले असताना ती स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायची आणि विचारायची, "मी याचं वाटोळं तर करत नाहीये ना गं?" शाळेतल्या मुलाला वाचता आलं नाही तर दोष वाटून घ्यायला बाई असतात, वर्ग असतो, सिस्टिम असते. घरी फक्त आई असते. आठ वर्षं आणि चार महिन्यांनी त्याने बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर आपला आपण वाचला. त्या दिवशी ताईने कुकर लावायचा विसरला.

'आई' म्हणाले ते मुद्दाम. बोलताना आपण 'होमस्कूलिंग करणारे पालक' म्हणतो, पण मी भेटले त्या सहा-सात घरांत हे 'पालक' म्हणजे आईच होती. ताई कंपनीत अकाउंट्स बघायची, चांगला पगार होता. जिजूंचा वाटा शनिवारची सकाळ: विज्ञानाचे प्रयोग आणि सायकल. ते मनापासून करतात, कौतुकही त्यांचंच जास्त होतं. घर एका पगारावर चालतं. तेव्हा कॅन्टीनमधल्या मुलग्यांनो, "घरी शिकवीन" म्हणता तेव्हा क्रियापदाचा कर्ता नेमका कोण, हे एकदा तपासून घ्या.

नातेवाइकांचे ठरलेले दोन प्रश्न असतात. पहिला, दहावीचं काय? यात फारसं काही नाही. एनआयओएस आहे, 1989 पासून आहे. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, एकेक करून सोडवले तरी चालतात, पाच वर्षांत नऊ संधी. (आपल्याकडे एक केटी लागली तर आठवडाभर घरचा फोन उचलायची हिंमत होत नाही.) शिवाय आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. 2016 मध्ये शाळेत न जाणाऱ्या मुंबईच्या एका मुलीला थेट एमआयटीत प्रवेश मिळाला, ती बातमी ताईला आजवर किमान वीस जणांनी पाठवलीय. ताई वैतागून म्हणते, "माझी एमआयटीत नाही गेली तर मी फेल का?"

दुसरा प्रश्न, मुलं एकलकोंडी होतील त्याचं काय? तशी काही झालेली नाहीत. कुणाशीही बोलतात, भाजीवाल्या मावशींशी तर फारच. पण सोसायटीतली बाकीची मुलं शाळेतून येऊन क्लासला जातात आणि धाकटा चार वाजल्यापासून बॉल घेऊन जिन्यात बसलेला असतो. सहाला कुणीतरी येतं. ते दोन तास मला बघवत नाहीत.

माझी खरी अडचण मात्र आणखी पुढची आहे, आणि इथे माझं ताईशी पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. दिवाळीनंतर साखर कारखाना सुरू झाला की आमच्या वर्गात एक मुलगी यायची. आई-वडील ऊसतोडीला बीडकडून आलेले. चार-पाच महिने माझ्या शेजारी बसायची आणि मार्चमध्ये निघून जायची. सलग तीन वर्षं. तोंडी हिशोबात ती मला रडवायची. पहाटे आईबरोबर फडात जाऊन, वाढं बांधून मग ती शाळेत येते, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. माझ्या आईने माझ्यासाठी मैत्रिणी निवडल्या असत्या तर ही मुलगी त्या यादीत नसती. आईचं मन वाईट म्हणून नव्हे, आमच्या घराच्या वाटेवर ती आलीच नसती म्हणून. ताईची मुलं आठवड्यातून दोनदा दुसऱ्या होमस्कूलर मुलांना भेटतात. छान मुलं आहेत. पण सगळ्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे. अभ्यासक्रम कितीही विचाराने निवडा, न निवडलेलं माणूस त्यात बसत नाही.

अर्थात आपली महागडी इंग्लिश मीडियम शाळा तरी कुठे असा शेजार देते? ताई हेच सुनावते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

हे सगळं रोजच्या चहाबरोबर चालायचं. मग गेल्या मार्चमध्ये थोरली जेवताना म्हणाली, "मला जूनपासून शाळेत जायचंय."

ताईला वाटलं, मैत्रिणी हव्यात. मैत्रिणी होत्या. अभ्यास आवडत नाही? आवडतो. थोरलीचं म्हणणं एवढंच होतं: "मला बघायचंय. तुम्ही काढलंत तेव्हा मला विचारलं नव्हतं."

ताई तीन दिवस नीट बोलली नाही. मलाही मनातून वाटलं, किती कृतघ्न कार्टी! एवढी नोकरी सोडली, एवढ्या रात्री जागवल्या. पण मग मला माझी अकरावी आठवली. दहावीला 89 टक्के, म्हणून सायन्स. मला आर्ट्सला जायचं होतं, हे मी फॉर्म भरून झाल्यावर सांगितलं, कारण त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं फिजिक्सच्या वहीत कविता केल्या. तुमच्यातल्या किती जणांची हीच गोष्ट आहे, मला माहितीये. मग शाळेने न विचारता बसवणं आणि आईने न विचारता उठवणं, यात त्या आठ वर्षांच्या मुलीच्या बाजूने फरक काय?

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घालायचं नाकारलं. जी शाळा बाकीच्या हिंदी मुलांना बंद, ती आपल्यालाही नको, हा त्यांचा विचार. शिकवणं घरी, जमेल तसं. मुलांच्या मनात त्याची नाराजी राहिली आणि गांधीजींनी ती आत्मचरित्रात स्वतः नोंदवलीय. तत्त्व वडिलांचं होतं आणि वर्षं मुलांची गेली. इतक्या मोठ्या माणसाच्या घरी हे झालं, तर सिंहगड रोडवर का नाही होणार?

म्हणून माझं मत आता असं झालंय. होमस्कूलिंगला माझा विरोध नाही. बिस्किटाचा पुडा वाचणारा धाकटा मी पाहिलाय, त्याला घाईच्या वर्गात काय वाटलं असतं याची कल्पना मला करवत नाही. पण अभ्यासक्रम कोणता, पुस्तकं कुठली, मीडियम काय, हे प्रश्न नंतरचे. आधी मी विचारेन की मुलाला 'नको' म्हणता येतं का? आणि ते म्हटल्यावर घरात खरोखर काही हलतं का? हलत नसेल तर ती छत्तीस पोरांऐवजी दोन पोरांची शाळाच आहे, फक्त तिथे मधली सुट्टी आईच्या मूडवर असते.

ताईच्या घरी हललं. चौथ्या दिवशी तिने निळी फाइल काढली. जवळच्या एका शाळेत क्लार्कने मागच्या पाच वर्षांची प्रगतिपुस्तकं मागितली. ताईने हस्तलिखित वह्या पुढे केल्या, त्यांनी त्या दोन बोटांनी उलटल्या. मग तिने त्यांना 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगितला: सहा ते चौदा वयाचं मूल, मध्येच शाळा सोडलेलं असलं तरी वयानुसार वर्गात घ्यायचं. या कायद्यात होमस्कूलिंगचा शब्दही नाही, आणि पाच वर्षं ताई त्याला जरा घाबरूनच होती. त्या दिवशी तोच उपयोगी पडला. तीन फेऱ्या झाल्या, आठवीत प्रवेश मिळाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यात थोरलीचा रिपोर्ट असा: मराठीच्या बाई भारी आहेत, गणित आधीच झालंय, पाण्याची बाटली दोनदा चोरीला गेली, आणि "मावशी, तिथे प्रश्न विचारला की सगळे माझ्याकडे बघतात." राहणार का, विचारलं. म्हणाली, दिवाळीपर्यंत सांगते.

शाळेचं वेळापत्रक तिने स्केचपेनने उतरवून फ्रिजवर चिकटवलंय. ताई भाजी काढायला जाते आणि दार न उघडता ते वाचत उभी राहते. धाकट्याने त्याच्याच खाली दुसरा कागद लावलाय, स्वतःचा. सोमवार भागाकार, मंगळवार फास्टर फेणे, बुधवारच्या चौकोनात त्याने लिहिलंय, 'अजून ठरलं नाही'.