सहल की हजेरी?

महाविद्यालयाची सहल म्हटली की वेरूळ ठरलेले. ३४ लेणी, अर्धा दिवस! वाटाड्या पुढे, आपण मागे. कैलासापुढे फोटो काढला की सहल सफल. मित्रहो, हे पाहणे नव्हे, ही नुसती हजेरी!

लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. काळ सुमारे ६वे शतक. जांभा खडक सच्छिद्र, त्यामुळे नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय यांच्या मूर्ती झिजलेल्या. धावत्या नजरेला तेथे काहीच गवसत नाही. थांबणाऱ्याला मात्र हळूहळू आकार दिसू लागतात. म्हणूनच पाहायला शिकण्याची खरी शाळा खरोसाच होय. प्राध्यापकांनी अर्धा दिवस तिथेच द्यावा. खडकाची झीज आपल्या सवडीसाठी थांबणार नाही.