कानावरची खपली



गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या दुकानाच्या आश्रयाला राहणाऱ्या मांजरीच्या कानांवर फोड आले आहेत. त्यांवर खपली धरते, ती पायाने खाजवून ती काढते आणि पुन्हा रक्त येते. घरातील मुलांना ते पाहवत नाही. ‘कोणते मलम लावावे ते सदरातून कळवावे,’ एवढीच त्यांची विनंती आहे. मलमाचे नाव मी कळवणार नाही. हाच प्रश्न आमच्या घरी दोन वेळा उभा राहिला, दोन्ही वेळा आम्ही चुकलो, आणि दुसऱ्या चुकीची किंमत एका मुक्या जीवाने मोजली. ती हकीकत हेच माझे उत्तर आहे.

आमचे सांगलीला हळदीच्या अडतीचे दुकान आहे. मांसाहारी प्राणी हौसेने पाळू नये, हा घरचा जुना दंडक. पण एके वर्षी पोत्यांच्या थप्प्यांआड एक पट्टेरी मांजरी व्याली, आणि आश्रयाला आलेल्या जीवाला पिलांसह हाकलणे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पटले नाही. अशा रीतीने चिमी दुकानाची झाली.

पुढच्या भाद्रपदात चिमीच्या कानांच्या कडेला राखाडी, जाडसर खपली दिसू लागली. ती दिवसरात्र खाजवत असे. सासूबाईंनी तेलात हळद कालवून लावली. हळदीच्या पेढीवर दुसरे औषध सुचणार तरी कोणते? चिमीने जेवढे जिभेला पोहोचले तेवढे पंजाने पुसून चाटले, आणि खपली कानांवरून कपाळावर उतरली. तेव्हा आम्ही तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांचे पहिले वाक्य मला आजही आठवते. ते म्हणाले, “वहिनी, या पिवळ्या रंगाखाली कातडी लाल आहे की नाही, हेच मला दिसत नाही. पुढच्या वेळी काही न लावता आणा.”

त्यांनी खपली थोडी खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकातून आम्हाला दाखवली. त्यात गोल अंगाचे, आखूड पायांचे जीव हालत होते. हा मांजराच्या खरजेचा किडा. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. मादी कातडीत बोगदे करून त्यात अंडी घालते. रोग बहुधा कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंड, पापण्या आणि मान यांवर पसरतो. मांजर अंग चाटते आणि मुटकुळे करून झोपते, त्यामुळे पंजांवर व शेपटीजवळही जातो. मानेवर कातडीला लावायच्या थेंबांचे औषध डॉक्टरांनी सांगितले.

अण्णांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, या थेंबांनी ते जीव मरणार ना?”

“हो अण्णा, मरणार. ते कातडीच्या आत आहेत, उचलून बाजूला ठेवता येत नाहीत.”

दशलक्षण पर्वाचे दिवस होते. डोळ्यांनी पाहिलेले त्रस जीव पर्वात आपल्या हातून मारायचे, हे अण्णांच्या मनाला सोसेना. ‘पर्व होऊन जाऊ दे, मग पाहू,’ म्हणून आम्ही औषध न घेता परतलो. त्या दहा दिवसांत चिमीच्या पापण्या चिकटू लागल्या, तिने खाणे सोडले, आणि शेजारच्या दुकानातील दोन पिलांच्या कानांवरही तीच राखाडी कड दिसू लागली. माझ्या हातांवर खाजरे पुरळ उठले. हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही, मांजर बरे झाले की ते पुरळही जाते, हे पुढे कळले. त्या वेळी मात्र घरात सगळेच घाबरले.

क्षमावाणीच्या दिवशी अण्णा स्वतःहून म्हणाले, “सूनबाई, औषध आणा. दहा दिवसांपूर्वी जेवढे जीव होते त्याच्या कितीतरी पट आज आहेत. मी थांबलो म्हणून हिंसा टळली नाही, वाढली. हुंडीची मुदत मी लांबवली आणि व्याज चढत गेले.” थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, “गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडावी, हे मी जन्मभर ऐकत आलो. इथे माझा संकल्प मारण्याचा नाही, वेदना थांबवण्याचा आहे. म्हणून दोष लागलाच नाही, असे मात्र मी मनाला सांगणार नाही. आलोचना करीन. पण औषध द्या.”

याहून निराळे मत बाळगणारे श्रावक आहेत, हे मी जाणते. त्यांच्याशी माझा वाद नाही. मी एवढेच सांगते की रोगाच्या पहिल्या आठवड्यात उपचार केला तर कमी जीवांची हानी होते आणि एकाच मांजराला औषध पुरते. उशीर केला तर दोन्हींची संख्या वाढते. शेजारच्या पिलांसकट तिघांनाही डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध दिले, पुन्हा एकदा दिले, अंथरलेली गोणपाटे बदलली, जुनी गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवली. महिन्याभरात चिमीच्या कानांवर केस आले.

इथे आमची हकीकत संपली असती तर हा लेख सुखान्त झाला असता. परंतु दोन वर्षांनी तिच्या पांढऱ्याशुभ्र मुलीच्या, कापशीच्या, उजव्या कानाच्या टोकाला खपली आली. या वेळी मी कोणालाच विचारले नाही. मला वाटले, आता आपल्याला यातले कळते. जुनी चिठ्ठी दाखवून तेच थेंब आणले आणि घातले. खपली पडली, कान गुलाबी दिसला, मी समाधान मानले. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा थेंब, पुन्हा खपली. चैत्रात सुरू झालेला हा क्रम श्रावणापर्यंत चालला. कापशी कान खाजवत नव्हती, चिमीच्या अंगावर काहीही नव्हते, आणि कापशी रोज दुपारी गोदामाच्या पत्र्यावर उन्हात झोपत असे. या तीनही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्यांची संगती लावली नाही.

शेवटी कानाची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. तो कातडीचा कर्करोग निघाला. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर केस विरळ असतात आणि खालच्या कातडीला रंगद्रव्याचे संरक्षण नसते. वर्षानुवर्षे ऊन लागून प्रथम लाली येते, मग कोंडा, मग खपली, मग न भरणारी जखम. वेळीच कानाचा तो भाग काढला तर बहुतेक वेळा रोग तिथेच थांबतो, कारण तो अंगात लवकर पसरत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “चैत्रात आणली असती तर टोकच काढून भागले असते.” कापशीच्या दोन्ही कानांच्या पाळ्या जवळजवळ मुळापासून काढाव्या लागल्या. जे थेंब मी चार महिने घातले, त्यांची तिला गरजच नव्हती. तिच्या कानावर किडा नव्हताच.

पहिल्या वेळी आमच्याजवळ दया होती, ज्ञान नव्हते. दुसऱ्या वेळी ज्ञान होते, पण ते दुसऱ्याच रोगाचे. आपल्या शास्त्रकारांनी ज्ञानाला दयेच्या आधी स्थान का दिले, हे मला पाठशाळेत समजले नव्हते. ते कापशीच्या कानांनी समजावले.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी आणि तत्सम अडचणीत असलेल्या सर्वांसाठी थोडे उपयोगाचे.

कानावरची खपली वरून सारखी दिसली तरी तिची कारणे अनेक असतात. कडेपासून वाढणारी जाड, राखाडी खपली आणि अनावर खाज असेल तर खरजेच्या किड्याची शंका घ्यावी. कानाच्या आत कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ असेल आणि मांजर सारखे डोके झटकत असेल, तर तो कानाच्या पोकळीतील निराळा किडा असू शकतो. अशा झटकण्याने पाळीत रक्त साठून ती उशीसारखी फुगते. तेव्हा वाट पाहू नये. केस गोल चकत्यांनी गळत असतील तर गजकर्णाची बुरशी असू शकते. ती माणसांना, विशेषतः मुलांना, सहज लागते आणि तिचा उपचार अनेक आठवडे चालतो. नाकाच्या माथ्यावर आणि कानांवर बारीक फोड येत असतील तर ते डासांच्या चावण्याचे असू शकतात. एकाच कानाला सूज, ऊब आणि पू असेल तर बहुधा भांडणातील नखाची किंवा दाताची जखम असते. आणि मांजर पांढरे असेल, टोकावरची खपली पडून पुन्हा येत असेल, तर एक आठवडाही दवडू नये. यांतील नेमके काय, हे ठरवणे पशुवैद्यांचे काम आहे; आपण संशय ओळखावा, निदान करू नये.

घरातले औषध लावण्याची इच्छा आवरावी. मांजर अंगाला लावलेले सर्व काही चाटते, आणि माणसाला किंवा कुत्र्याला चालणारी कित्येक द्रव्ये मांजराच्या यकृताला पचत नाहीत. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराचा जीव घेऊ शकतात. फिनाईल, पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके, रॉकेल, कापूर, टी-ट्री तेल आणि माणसांच्या खरजेवरील बेंझिल बेंझोएट ही सर्व वर्ज्य समजावीत. वेदना कमी व्हावी म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर कधीही देऊ नये. एक गोळीसुद्धा मांजराला प्राणघातक ठरू शकते. औषधाच्या दुकानात मिळणारी माणसांची मिश्र मलमे खाज तात्पुरती दाबतात आणि बुरशी वाढू देतात. कानात कापसाची काडी घालू नये.

मग करावे काय? डॉक्टरांकडे जाईपर्यंत उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून कानाची बाहेरची बाजू हलकेच पुसावी. खपली ओढून काढू नये. मांजराला इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे, त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पांढऱ्या मांजराला सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात सावलीत राहण्याची सवय लावावी. आणि आपण व्यापारी माणसे आहोत, तेव्हा रोजकीर्द लिहावी. खपली कोणत्या तारखेला दिसली, एका कानाला की दोन्ही, खाज आहे की नाही, दुसऱ्या मांजरांना किंवा घरातील माणसांना काही झाले का, आधी काय लावले, हे सारे टिपावे. मी कापशीसाठी अशा चार ओळी लिहिल्या असत्या तर तिला खाज नाही, हे दुसऱ्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले असते.

डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : खपली खरवडून तपासायची का, घरातील किंवा आसपासच्या इतर मांजरांनाही औषध द्यायचे का, आणि पुन्हा कधी दाखवायचे. ठरलेल्या तारखेला, खपली गेलेली दिसली तरी, जावे. पेठेतील हिशेब आपण रक्कम जमा दिसली म्हणून मिटवत नाही, खाते जुळवून मगच मिटवतो, तसेच हे.

भगिनींनो, आपल्या मांजरीला याच आठवड्यात दाखवून घ्या आणि निदान काय झाले ते अवश्य कळवा. आपली मुले रोज तिच्याकडे पाहत आहेत. मोठी माणसे एखाद्या मुक्या जीवाचे दुःख नुसते हळहळून सोडून देतात की त्याचे कारण शोधतात, हे त्यांना त्यातूनच कळणार आहे.

कापशी आज तीन वर्षांनंतरही दुकानात आहे. तिला ऐकू नीट येते. दुपारी अण्णा गोदामाचे दार लोटून घेतात आणि ती पत्र्याऐवजी त्यांच्या गादीपाशी, सावलीत झोपते. नवे गिऱ्हाईक आले की विचारते, “हिच्या कानांना काय झाले?” अण्णा माझ्याकडे पाहत नाहीत, ते स्वतःच सांगतात, “आम्ही उशीर केला.”

जय जिनेंद्र.