दात ठोकलेला नसतो, टांगलेला असतो

गेल्या रविवारी एका मोफत दंततपासणी शिबिरात वक्त्यांनी फळ्यावर भिंत काढली, भिंतीत खिळा काढला आणि सांगितलं, "हा दात, हे जबड्याचं हाड. हलायला लागला की काढून मोकळं व्हायचं." समोरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही, मी हात वर केला, पण तोवर चहा आला होता. तेव्हा राहिलेलं इथे लिहिते.

खिळा उपटला तर भिंतीला काही होत नाही. दात काढला की त्याच्याभोवतीचं हाड ओसरायला लागतं. दाढेच्या जागेची रुंदी वर्षभरात जवळपास निम्मी होऊ शकते, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच होऊन जाते. अशी कुठली भिंत असते?

दाताच्या जवळची वस्तू म्हणजे सुंभाची बाज. आमच्या आजोळी ओसरीवर एक होती. लाकडी चौकट, तिला आवळून बांधलेला सुंभ आणि त्या विणीवर पहुडलेला माणूस. माणूस बसला की त्याचा भार खाली जातो, पण चौकटीला तो दाब म्हणून कळत नाही, ओढ म्हणून कळतो. दाताचं तेच आहे. मूळ आणि खोबण यांच्यात ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट असते आणि ती कोलॅजनच्या तंतूंनी विणलेली असते. तंतूंचं एक टोक मुळाच्या आवरणात रुतलेलं, दुसरं हाडात. या रुतलेल्या टोकांना विल्यम शार्पी या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून शार्पीचे तंतू म्हणतात. खोबणीच्या ज्या पातळ अस्तरात हाडाकडची टोकं बसतात, ते 'बंडल बोन'. भाकरी चावली की दात किंचित खाली जातो, वीण ताणली जाते आणि हाडाला ओढ बसते. भातातला बारीक खडा घास गिळायच्या आत कळतो, तोही या विणीतल्या मज्जातंतूंमुळे. इम्प्लांटला माझा विरोध नाही, पण तो खरोखरच खिळा आहे. टायटॅनियम थेट हाडाला धरतं, मध्ये सुंभ नाही.

बाजेची चौकट मेलेल्या लाकडाची असते, हाड जिवंत असतं, एवढाच काय तो फरक. वजनाने या हाडाचा साधारण दोनतृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. उरलेल्यात बहुतेक कोलॅजन. कोंबडीच्या तंगडीचं बारीक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. वाकणारं जे उरतं, ते कोलॅजन. नुसती कॅल्शियमची गोळी घेऊन दात घट्ट होईल असं मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा घरी करावाच.

या हाडात तीन कामकरी. ऑस्टिओब्लास्ट हाड रचतात. रचता रचता त्यांतले काही आतच अडकतात, ते ऑस्टिओसाइट. केसाहून बारीक नळ्यांतून ते एकमेकांशी जोडलेले असतात, ओढ कुठे वाढली, कुठे थांबली, हे त्यांना आधी कळतं. तिसरे ऑस्टिओक्लास्ट, एकेकात अनेक केंद्रकं असलेले, आम्ल सोडून हाड विरघळवणारे. दातांना तार लावतात तेव्हा ज्या बाजूला दाब येतो तिकडे हे खोदतात आणि ताणाच्या बाजूला ब्लास्ट भरत जातात. दात हाडातून सरकतो तो असा. दात काढल्यावर बंडल बोनला ओढच उरत नाही, ते आधी जातं. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडचा पत्रा बहुधा १ मिलिमीटरहूनही पातळ, तो मुख्यतः याच अस्तराचा बनलेला. म्हणून तिथे खड्डा पडतो.

हिरडीच्या आजारातही हाड खातात ते हेच ऑस्टिओक्लास्ट. जंतू त्यांना चिथावणी देतात, खोदकाम आपल्याच पेशी करतात. तंबाखूचं म्हणाल तर, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार झाकून राहतो. मिश्रीही तेच करत असणार असा माझा जुना संशय. मिश्रीवर मी किती वेळा लिहिलं हे वाचकांना पाठ असेल. पुन्हा लिहीन.

त्या शिबिरातल्या एक मावशी मंगळवारी दवाखान्यात आल्या. खालचे पुढचे दोन दात हलत होते, "काढून टाका बाई," म्हणाल्या. एक्स-रे काढला. मुळाच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत हाड शाबूत होतं. मी त्यांना बाजेचं सांगितलं: चौकट थोडी झिजलीय, पण सुंभ ढिला पडलाय तो सुजेमुळे. त्या बोटाने दात हलवत जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं बाज ढिली झाली की आवळून घेत्यात. टाकून न्हाई देत."

कीटण काढलं, मिश्रीची डबी टेबलावर ठेवून घेतली. ६ आठवड्यांनी परत बोलावलंय.