मनगट कोणत्या रकान्यात?

मा. पोलीस आयुक्त यांस,


गेल्या महिन्यात सकाळी सहाच्या सुमारास माझी आई दूध आणायला निघाली होती. मोटारसायकलवरच्या दोघांनी तिचे मंगळसूत्र ओढले. तिने ते सोडले नाही, म्हणून मागे बसलेल्याने तिच्या मनगटावर दांडका हाणला. हाड मोडले. घरी आली तेव्हा मुठीत चार काळे मणी होते.

ठाण्यात आधी 'मंगळसूत्र गहाळ' असा अर्ज मागितला गेला. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबर अहवाल नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावले आहे. हे आपल्या ठाण्याला एका निवृत्त शिक्षकाने सांगावे लागावे?

आम्ही अडून बसलो, तेव्हा भारतीय न्याय संहितेचे कलम ३०४ लागले. हिसकावणे, शिक्षा फार तर तीन वर्षे. कलम ३०९ आपल्याला पाठ असणारच. चोरी करण्यासाठी, करताना किंवा ऐवज नेताना चोराने जाणूनबुजून इजा केली, अडवून धरले किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती घातली, की ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि इजा केली असेल तर जन्मठेपेपर्यंत. १८६० च्या दंड संहितेतही व्याख्या हीच होती. त्यासाठी चाकू लागत नाही की टोळी लागत नाही. पाच जण जमले की तो दरोडा. मग आईचे मनगट आपण कोणत्या रकान्यात घातलेत?

जानेवारीत पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात आपण आमच्या वसाहतीत आला होतात. कोणताही गुन्हा हलका करून लिहिला जाणार नाही, असा शब्द आपण दिलात. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या शब्दाचे काय झाले? की जबरी चोरीचे आकडे कमी दिसावेत, म्हणून जबरी तेवढी गाळायची?

डॉक्टरांचा दाखला आपल्या कागदपत्रांत आहे. तो वाचून कलम ३०९ (६) लावावे. लावणार नसाल, तर कारण लेखी कळवावे. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे नागरिक सुरक्षा संहितेने आपल्यावर बंधनकारक केले आहे. आम्ही दिवस मोजत आहोत.

ते चार मणी आईने करंड्यात ठेवले आहेत. पंचनाम्यात त्यांचीही नोंद नाही.

आपला,
फिर्यादीचा मुलगा