खाच आहे, कार्ड नाही

माझ्या भाच्याने २०१४ साली, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात असताना, शिकवण्या करून साठविलेल्या पैशांत घरच्यांची थोडी भर घालून जो गेमिंग लॅपटॉप घेतला, तो जाडजूड आणि खांद्याला रग लावणारा होता. तरीही बारीक, देखणी यंत्रे शेजारी मांडलेली असताना त्याने तोच पसंत केला. दुकानदाराने पाठीमागचे झाकण उघडून दाखविले होते, की यातील ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डास कायमचे डाख दिलेले नसून स्वतंत्र आहे, आणि पुढेमागे अधिक ताकदीचे कार्ड त्याच खाचेत बसविता येईल. वीस वर्षांच्या मुलाने त्या एका वाक्यावर आपली सगळी शिल्लक मोजली. हे वाक्य पावतीवर कोठेही नव्हते. आणि या लेखाचा विषय तेच न लिहिलेले वाक्य आहे.

त्या खाचेस एमएक्सएम म्हणतात. एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉप बनविणाऱ्या कारखानदारांच्या साहाय्याने हे परिमाण सिद्ध केले, आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कार्डाचे दोन आकार ठरले: लहान ८२ बाय ७० मिलिमीटरचा, मोठा ८२ बाय १०५ चा. एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसावे, जुने काढून नवे घालावे, हा त्यामागचा हेतू उघड होता, आणि तो थोर होता. माझ्या आईच्या शिवणयंत्राची सुई, बॉबिन आणि वादी कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळत असे, व ती कोणत्या कारखान्याची आहे हे विचारण्याचे कारण तिला आयुष्यात पडले नाही; संगणकाच्या कार्डाची गोष्टही तशीच व्हावी, अशी ती योजना होती. व्यवहारात मात्र मोजमापे ठरली तरी त्यांच्याभोवतीचे सारे ज्याचे त्याचे राहिले: कार्डावरील भागांची मांडणी निराळी, त्यावर बसणारा तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक निराळा, आणि कार्डास ओळख देणारी बायोसमधील आज्ञावली तर प्रत्येक कंपनीची स्वतःची. खाच सर्वांची एक आणि किल्ली प्रत्येकाची वेगळी, अशी ही स्थिती झाली.

भाच्याच्या पडद्यावर गेल्या वर्षी प्रथम जांभळ्या रेघा उमटू लागल्या आणि पंधरा दिवसांत पडदा काळाच राहू लागला, तेव्हा आम्ही दोघे ग्रँट रोड स्थानकात उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी संगणकाचा सुटा भाग शोधणाऱ्याच्या तोंडी जुनेच नाव असते. डेस्कटॉपची कार्डे तेथे काचेच्या कपाटांत ओळीने मांडलेली दिसतात. लॅपटॉपचे कार्ड म्हटले की दुकानदार प्रथम मान हलवितो, मग माळ्यावरच्या माणसाला हाक मारतो, आणि खाली येते ती जुन्या मशीनमधून काढलेल्या मालाची एखादी पेटी.

अशाच एका पेटीतून निघालेले, आमच्या कार्डाहून एक पिढी पुढचे, १८ हजार रुपयांचे कार्ड दुकानातील वयस्कर कारागिराने दिव्याखाली धरले तेव्हा मी जवळ उभा होतो. कार्ड तळहाताएवढे; एका कडेला सोनेरी पट्ट्यांची दाट ओळ, मध्यभागी आरशासारखी लखलखणारी चिप, तिच्या चार कोपऱ्यांना चार भोके. भिंगातून पाहता पाहता तो एकदम थांबला आणि चिपच्या कडेचा किंचित तपकिरी डाग त्याने नखाने दाखविला. ‘‘रिबॉलिंग झालंय, साहेब. सहा महिने चालेल, नाहीतर सहा दिवस.’’ चिपखालील डाखेचे सूक्ष्म मणी उष्णतेने तडकले, की ती उचलून नवे मणी घालून पुन्हा बसवितात, आणि त्या कामाची खूण अशी मागे राहते. आपल्याच दुकानातील मालाविषयी खरे बोलणारा तो माणूस माझ्या मनात घर करून राहिला आहे.

दुसरे कार्ड निष्कलंक होते, खाचेत तिरके घालून दाबताच बसलेही; परंतु हीटसिंक त्याच्या स्मृतीच्या चिपांवर नीट टेकेना, म्हणून मधल्या थर्मल पॅडची जाडी बदलावी लागली, आणि इतके करून यंत्र सुरू केले तो पंखे फिरले व पडदा काळाच राहिला. बायोसने कार्ड ओळखण्याचे नाकारले होते. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी होती, म्हणून पैसे परत मिळाले. प्रवासखर्च आणि बुडालेले दिवस यांचा हिशेब कोण देणार?

कारखानदारांच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते खोटे नाही. ग्राहकाला पातळ यंत्र हवे असते आणि खाच जाडी वाढविते. चिप व मदरबोर्ड यांमधील विदा जसजशी अधिक वेगाने धावू लागली, तसतशी मधली प्रत्येक जोडणी अडचणीची ठरू लागली. आणि प्रोसेसर व ग्राफिक्स यांची उष्णता एकाच सामाईक नळ्यांतून बाहेर काढणे सोयीचे असते. या कारणांनी आज बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत चिप थेट मदरबोर्डावरच डाख देऊन बसविलेली असते, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही, जर विकताना ते स्पष्ट सांगितले असेल. माझी हरकत आहे ती बदलता येण्याच्या गुणावर अधिक किंमत घेऊन मग बदलाचा भाग न पुरविण्यास. २०१९ साली डेलने एलियनवेअर एरिया-५१एम बाजारात आणला तेव्हा प्रोसेसर व ग्राफिक्स बदलता येणे हे त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणून मिरविले गेले होते. कार्डाचा आकार मात्र डेलचा स्वतःचा होता, आणि पुढील पिढीचे भाग त्या यंत्रात बसत नाहीत अशी तक्रार करीत २०२१ साली अमेरिकेत एका ग्राहकाने दावा गुदरला. उलट फ्रेमवर्क या लहानशा कंपनीने २०२४ साली ग्राहकांस दिलेल्या १६ इंची लॅपटॉपच्या मागील कप्प्यात प्रथम रेडिऑन आरएक्स ७७००एस होते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच कप्प्यासाठी आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूल तिने जाहीर केले; कप्प्याची मोजमापेही तिने सर्वांस खुली ठेवली आहेत. तेव्हा ही गोष्ट अशक्य आहे, हे म्हणणे आता टिकण्यासारखे नाही.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्तीसुलभता अंकांनी मोजण्याच्या तजविजीचा समितीचा अहवाल २०२५ च्या मे महिन्यात विभागाला सादर झाला. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुण दाखविणारा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपांवर लावणे सक्तीचे आहे. आपल्याकडेही तो यावा, परंतु केवळ गुणांवर थांबू नये. यंत्रातील कोणता भाग बदलता येतो, तो किती वर्षे आणि कोठे मिळेल, हे खोक्यावर मुदतीसह छापण्याचे बंधन कारखानदारावर असावे. आणि मुदत संपल्यावर कार्डाची मोजमापे व बायोसचे कुलूप यांपैकी काहीही दुरुस्ती करणाऱ्यापासून राखून ठेवण्याचा अधिकार त्याला नसावा. भडकमकर मार्गावरील त्या कारागिराचे हात आणि डोळे तयार आहेत. त्यांच्या आड येते ते कुलूप.

हे सारे खेळापायी, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या यंत्रावर भाचा रात्री खेळला त्याच यंत्रावर तो त्रिमितीय आराखडे काढावयास शिकला, आणि आज त्याचे पोट त्यावर चालते. शिवाय खेळ ही दिवसभर राबणाऱ्या माणसाची क्षुल्लक गरज आहे, असे मी मानत नाही. त्या लॅपटॉपचा पडदा शाबूत आहे, कळफलक शाबूत आहे, प्रोसेसर शाबूत आहे. तळहाताएवढ्या एका भागासाठी तो भंगारात घालावा, ही कल्पना मला सहन होत नाही.

तीन महिन्यांच्या शोधानंतर, त्याच मॉडेलच्या पडदा फुटलेल्या एका लॅपटॉपमधून निघालेले कार्ड अखेर मिळाले. ते अधिक ताकदीचे नव्हे, हुबेहूब पहिल्यासारखेच, आणि त्याच वयाचे. आता रविवारी रात्री भाचा पुन्हा नाशिकच्या मित्रांबरोबर खेळावयास बसतो. तसले आणखी एक कार्ड कधी हाती आले तर ते आपल्यासाठी बाजूला काढून ठेवावे, असे त्याने दुकानदारास सांगून ठेवले आहे, आणि त्यापोटी ५०० रुपये विसारही देऊन आला आहे.