पाहुणे इथे, यजमान तिथे

परवा पुतण्याशी फोनवर चांगलीच खडाजंगी झाली. उभी हयात शाळेत पोरांना "वडिलांची खोटी सही करू नका रे" म्हणून दटावलं, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याकडेच एक खोटी सही मागितली गेली. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हटलं, लिहूनच काढावं.

हकीकत अशी. थोरले भाऊ गेले. कळंबचं घर आणि वावर पुतण्याच्या नावावर चढलं. तो वीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे, नागरिकत्वही तिकडचंच. घर ओस पडण्यापेक्षा तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढाव्यात असं त्याच्या मनात आलं. कल्पना वाईट नाही. आमचा चिंतामणी म्हणजे विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. पायऱ्या उतरून जमिनीखाली दर्शनाला जायचं. चतुर्थीला गर्दी असते. नागपूर-तुळजापूर महामार्ग गावातून जातो, आणि 2024 च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब रेल्वेही सुरू झाली.

घोडं अडलं परवान्यापाशी. केंद्र सरकारची 'अतुल्य भारत' निवास-न्याहारी योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्यांना मान्यता मिळते, पण मालक किंवा त्याचं कुटुंब त्याच घरात राहणारं हवं. मग याने शक्कल लढवली. "काकाजी, तुम्ही तिथे राहता असं फक्त लिहून द्या ना. बाकी सगळं मी इथून पाहतो. कॅमेरे लावतो, कुलूप मोबाईलवरून उघडतं."

मी राहतो दोन गल्ल्या पलीकडे. मी म्हटलं, जमणार नाही.

त्यावर त्याने जे ऐकवलं ते परदेशातल्या आपल्या पुष्कळ मुलांचं म्हणणं आहे. "आम्ही पैसा आणायला तयार आहोत, पण देश आम्हाला परकं समजतो." मंडळी, हे अर्धसत्य आहे. 1999 च्या फेमा कायद्याने परदेशी नागरिक झालेल्या मुलालाही इथल्या बापाची जमीन वारसाने मिळते. ओसीआय कार्ड असेल तर घर-दुकान विकत घेता येतं. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. डॉलरशी बोली लावायची म्हटली तर यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूसवाला किती वेळ टिकेल? राहायचं म्हणाल, तर त्याच कार्डावर इथे हवं तितके दिवस राहता येतं. म्हणजे कायदा त्याच्या पासपोर्टला अडवत नाही, त्याच्या गैरहजेरीला अडवतो!

त्याचा एक मुद्दा मात्र बिनतोड वाटला. "मोठ्या हॉटेलांत परदेशी कंपनीला शंभर टक्के मालकी चालते, मग माझ्या चार खोल्यांनीच काय घोडं मारलं?" मी रात्रभर विचार केला. उत्तर साधं आहे. तिथे मालक कुठेही असो, काउंटरवर पगारी माणूस रात्रभर जागा असतो आणि जबाबदारी त्याच्या नावाने बांधलेली असते. इथे आपण 'घर' म्हणून पैसे घेणार, आणि घरात घरचं कोणीच नाही. रात्री दोनला एखाद्या यात्रेकरूच्या लेकराला ताप भरला, तर न्यू जर्सीतला कॅमेरा ते पाहील, पण रिक्षा बोलवायला कोण धावणार? परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत त्याची नोंद कळवावी लागते. ती राहिली तर पोलीस कोणाच्या दारात येतील? ज्याची सही, त्याच्या. म्हणजे भाडं तिकडे आणि जाब इकडे.

इंग्रजांनी 1867 साली सराई कायदा केला, तेव्हाही सराई चालवणाऱ्याचं नाव जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदवायला लावलं होतं. परक्या सरकारलाही एवढं कळत होतं की मुक्कामाच्या जागेला राखणारा माणूस लागतो, नुसता मालक पुरत नाही.

आता सरकारी कारभाराची बाजू मी घेत नाही हं. एका कार्यालयात साध्या चौकशीसाठी मला तीनदा परत पाठवलं. दर वेळी नवा कागद. माणूस खोट्या वाटेला लागतो तो अशा हेलपाट्यांनीच. हे हेलपाटे बंद व्हावेत, अर्ज एकाच ठिकाणी घ्यावा. पण 'मालक तिथे राहतो का' हा एकच प्रश्न ठेवायचा असेल, तर बाकीचे सगळे काढून तोच ठेवावा. आणि उत्तर कागदावर न घेता घरी येऊन पाहावं.

पुतण्याला मी दुसरा मार्ग सुचवला. गावात शिकलेली, बेकार बसलेली जोडपी आहेत. एखाद्याला घर रीतसर भाड्याने दे. त्यांनी तिथे राहावं, परवाना त्यांच्या नावाने, कमाईही त्यांची, तुला घराचं भाडं. त्यावर तो म्हणाला, "मग माझं काय राहिलं त्यात?"

इथेच खरी गोम आहे. पाहुणचाराचं पुण्य, गावाचा विकास हे सगळं बोलायला ठीक, पण यजमानपण दुसऱ्याला द्यायची तयारी नाही.

आज दहा दिवस झाले, त्याचा फोन नाही. भावाच्या पश्चात तेवढं एकच पोर मला काकाजी म्हणणारं. मन खातं. तो कागद टेबलाच्या खणात कोरा पडला आहे. सही मी करणार नाही. पण तो उद्या कायमचा राहायला आला, तर पेन मीच पुढे करीन. सही त्याने करावी, स्वतःच्या नावाने.

असो.